ओढतो किती, थांबतो कसा

“ओढतो किती ते काहून बघून राहिलीस पोरी? थांबतो कसा ते बघ आधी.”

गोजरबाई हे म्हणाल्या तेव्हा साधना मोबाइलवर ट्रॅक्टरचा व्हिडिओ बघत होती आणि मांडीवर लेक जाई झोपेत दूध चोखत होती. गोजरबाईंना, म्हणजे सासूला, साधना आत्याबाई म्हणे. आत्याबाईंचे गुडघे गेले होते, पण जीभ शाबूत होती. ओसरीवर बसल्या जागी त्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक वाहनाला नाव ठेवत.

“माझा बाप बैल घ्यायला जायचा, तवा बाकीचे दात मोजायचे,” त्या म्हणाल्या. “त्यो दाताकडं बघायचाच न्हाई. भरली गाडी जुंपायला लावायचा आन् ओढ्याच्या उतारावरनं खाली काढायचा. चढाला काय, कोणचाबी बैल ओढतो. उताराला जो मागं रेटून पाय रोवतो, त्यो बैल. बाकी नुसती शिंगं.”

“आत्याबाई, ट्रॅक्टरला शिंगं नसतात.”

“म्हणून तर कळत न्हाई ना, कवा मारंल ते.”

साधना हसली आणि पुढचा व्हिडिओ लावला. तिला वाटलं, बैलाचं शास्त्र बैलाबरोबर गेलं.

शिरड शहापूरच्या या बाजूला माघ सरला की हळद निघते आणि मग शिमग्यापलीकडेपर्यंत जिकडेतिकडे हळद शिजवायच्या भट्ट्यांचा धूर. भट्टीला लाकूड लागतं, आणि लाकडाचं काम साधनाच्या नवऱ्याचं, वैजनाथचं. बांधावरची वाळलेली बाभूळ, वीज पडलेला लिंब, विहिरीत झुकलेली चिंच असं काही असलं की लोक वैजनाथला बोलवत. तो झाड पाडायचा, तुकडे करायचा, भट्टीवर पोचवायचा. अडायचं ते वाहनाशी. भाड्याचा ट्रॅक्टर ऐन हंगामात नेमका दुसऱ्याच्या हळदीत अडकलेला असे. तेव्हा स्वतःचाच घ्यावा असं ठरलं, जुना का होईना.

निवडीचं काम साधनाने अंगावर घेतलं. ती बी.एस्सी. झालेली. वैजनाथ म्हणाला होता, “तू बघ बाई, तुला इंग्रजी कळतं.” तिने बघितलंही मन लावून. कापायची मशीन घेताना तिने दुकानदाराला बजावून विचारलं होतं की हात सुटला तर साखळी लगेच थांबते का, कारण नवऱ्याचा हात त्या साखळीपाशी असणार होता. मशीन चांगली मिळाली. ट्रॅक्टर बघताना मात्र तिच्या डोळ्यांपुढे नवऱ्याचा हात नव्हता, लाकडांनी भरलेली ट्रॉली होती. किती हॉर्सपॉवर, टायर किती घासले, ट्रॉली आपोआप उलटते का. सगळं ओढण्याचं आणि वाहण्याचं. लाकूड ओढायची चरखी ट्रॅक्टरच्या पाठीमागे बसवून मिळते, ट्रॅक्टर सपाटीला उभा ठेवून नुसता दोर गुंडाळता येतो, हेही तिने कुठेसं बघितलं होतं. मग वाटलं, एवढं कशाला? दोर आहे, ट्रॅक्टर आहे, ओढला की झालं.

वसमत रस्त्यावर व्यंकटरावांचं जुन्या ट्रॅक्टरांचं आवार आहे. तिथे एक लाल ट्रॅक्टर उभा होता, नुकताच धुतलेला, बॉनेटवर मोराचं चित्र.

“ताई शिकलेल्या दिसतात,” व्यंकटराव म्हणाले. “शिकलेलं गिऱ्हाईक मला आवडतं. कटकट करत न्हाई.”

त्यांनी ट्रॅक्टर अर्ध्या सेल्फमध्ये चालू करून दाखवला. विटांनी भरलेली ट्रॉली आवाराला फेरी मारून आणली. आवार पाटासारखं सपाट. मग हॉर्न वाजवून दाखवला. गारुड्याच्या पुंगीसारखा तो लांबलचक, वळसे घेणारा हॉर्न ऐकून जाई टाळ्या पिटायला लागली.

साधनाची नजर तशी चुकत नाही. तिने हँडब्रेकची दांडी वर ओढून पाहिली. दह्यातून चमचा यावा तशी ती वर आली आणि तशीच खाली पडली.

“हा अडकत नाही.”

“त्याचे दाते झिजलेत ताई. पण वावरात हँडब्रेक कोण लावतं? आपल्याकडं दगड काय कमी हायेत?”

उभे असलेले सगळे हसले. वैजनाथही हसला.

“आन् पहिला गिअर कधीमधी निसटतो,” व्यंकटराव प्रामाणिकपणाचा आव आणून म्हणाले. “हात धरून ठेवायचा. सांगितलेलं बरं. नंतर तकलीफ नको.”

दोन खोडी त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितल्या म्हणून माणूस खरा वाटला. असंच तर होतं.

घरी आल्यावर पूजा झाली. चाकाखाली लिंबू, नारळ, बॉनेटवर हळदीकुंकू. जाईचा पंजा कुंकवात बुडवून मोरावर उमटवायचा होता, पण पोरीने अंग काढून घेतलं आणि टूलबॉक्सच्या उघड्या झाकणाला हात टेकला. झाकणाच्या आतल्या बाजूला एवढासा लाल पंजा उमटला, करंगळी जरा फाकलेली.

“आतमंदी उमटला, बरं झालं,” आत्याबाई म्हणाल्या. “पावसानं जायचा न्हाई.”

हंगाम चालू झाला. वैजनाथला हॉर्नचा भारी नाद लागला. संध्याकाळी ओढ्याच्या वळणावर आला की तो पुंगी वाजवायचा, म्हणजे घरी चहा ठेवा. शेतात कोणी ओळखीचं दिसलं की पुंगी. ओढ्यापलीकडच्या तांड्यावरची पोरं ती ऐकून नाचायची. पलीकडे वसराम आणि पेमा या जोडप्याचं रान होतं. पेमा गवत कापत असली की पुंगी ऐकून विळा उंच धरून हलवायची. तो त्यांचा रामराम झाला होता.

आणि मग होळी होऊन गेल्यावरची ती दुपार आली.

आत्याबाई डोळे दाखवायला वसमतला गेल्या होत्या, म्हणून जाईला ओढ्यावर न्यावं लागलं. काठावरची एक वाळलेली बाभूळ वैजनाथने सकाळीच पाडली होती. फांद्या छाटून झाल्या, पण बुंधा घरंगळून ओढ्याच्या कोरड्या पात्रात गेला. तो तारेच्या दोराने वर ओढायचा होता. ट्रॉली सोडून ठेवली. ट्रॅक्टर काठाच्या चढावर उभा केला, तोंड गावाकडे, पाठ ओढ्याकडे. मागच्या आकड्याला दोर, दोराच्या दुसऱ्या टोकाला बुंधा. ट्रॅक्टरवर साधना. चालवायला ती शिकली होती आणि तिला ते आवडायचंही.

जाईची झोळी तिने वरच्या कडुलिंबाला बांधली, ट्रॅक्टरपासून लांब, सीटवरून दिसेल अशी. पिशवी त्याच फांदीला अडकवली. पिशवीत भाकरी, पाणी आणि तिचा मोबाइल.

“हळूहळू घे,” वैजनाथ खालून ओरडला. “मी हात वर केला की थांब. समजलं का ड्रायव्हरीणबाई?”

“आधी चहाचं ठरवा, मग हात वर करा.”

बुंधा अर्धा चढ चढला आणि एका खडकाला अडला. वैजनाथने हात वर केला. साधनाने क्लच दाबला, गिअर काढला, ब्रेकवर पाय दिला. ट्रॅक्टरला ब्रेकची पायडलं दोन असतात, दोन्ही चाकांची वेगवेगळी, आणि त्यांना जोडणारी एक कडी असते. नांगरताना वळायला सोपं जावं म्हणून वैजनाथने ती कडी काढलेली होती. ती तशीच राहिली होती. पायडलं दोन आणि पाय एक. साधनाने टाच एकीवर आणि चवडा दुसरीवर असा पाय आडवा ठेवला.

ओढलेल्या लाकडाच्या खालच्या अंगाला कधी उभं राहायचं नाही, हे वैजनाथच सगळ्यांना सांगायचा. पण एवढासा खडक. पहारीने जरा उचकटलं की झालं. तो खाली उतरला, पहार लावली, भार दिला. बुंधा सुटला, अर्धी गिरकी घेऊन कलंडला, आणि वैजनाथचा डावा पाय त्याच्या आणि खडकाच्या मध्ये गेला.

तो ओरडला नाही. पाठीवरचं पोतं खाली टाकताना माणूस करतो तसा एक आवाज त्याच्या तोंडून आला.

साधनाने मान वळवली. दोर काठीसारखा ताठ ताणलेला होता. त्याच क्षणी ट्रॅक्टर वीतभर मागे सरकला. बुंधा वैजनाथच्या मांडीकडे चढला आणि आता मात्र तो ओरडला. तिने दोन्ही पायडलं जीव खाऊन दाबली. ट्रॅक्टर थांबला.

तेवढ्यात तिला सगळं कळलं. बुंध्याला दोराने धरलंय, दोराला ट्रॅक्टरने धरलंय, आणि ट्रॅक्टरला तिच्या एका पायाने.

हँडब्रेकची दांडी तिने ओढली, माहीत असूनही. वर आली, खाली पडली. पुढे घ्यावा तर खडबडीत बुंधा त्या पायावरून घासत जाणार. तिने नुसता गिअरला हात लावला तरी वैजनाथ खालून दोन्ही हात हलवून नको नको करू लागला. गिअर टाकून बंद करावा आणि उतरावं, तर तो गिअर निसटणारा. ती उतरेल, चार पावलं जाईल, आणि पाठीमागे ‘खट’ होईल. तो ‘खट’ तिच्या ओळखीचा होता.

चाकामागे लावायला दगड भरपूर होते. आपल्याकडं दगड काय कमी हायेत! सगळे तिच्या हातापासून दूर, जमिनीवर.

इंजिन धडधडत होतं. वैजनाथ काहीतरी सांगत होता, त्यातला एक शब्द कळत होता, चार वाहून जात होते. त्याचा मोबाइल खिशातून पडून कुठेतरी दगडांत गेला होता. तिचा झाडावर. तिने हॉर्न दाबला. पुंगी वाजली, वळसे घेत ओढ्यावरून पलीकडे गेली. पलीकडच्या रानात पेमा ताठ उभी राहिली. साधनाच्या जिवात जीव आला. पेमाने विळा उंच धरला, हलवला, आणि पुन्हा वाकून गवत कापू लागली.

साधनाने पुन्हा वाजवला. पुन्हा विळा हलला. तिसऱ्यांदा वाजवला तेव्हा पेमाने वरही पाहिलं नाही. किती वेळा रामराम करायचा माणसाने!

“पेमा! ए पेमाबाई!” साधना ओरडली. तिचा आवाज तिच्याच कानापर्यंत आला नाही.

हॉर्नने एक मात्र केलं. झोळी हलली. झोळीच्या कडेवर एक हात आला, मग जावळ, मग जाईने पोटावर लोंबकळून पाय खाली सोडले, जसे ती खाटेवरून सोडायची. जमिनीवर बसली. उठली. आईला ट्रॅक्टरवर बघून हसली आणि चालत यायला लागली.

“तिथंच थांब जाई! बस! बस तिथं!”

जाईला ‘बस’ कळायचं, पण पुंगीचा ट्रॅक्टर त्याहून जास्त आवडायचा. ती थेट मागच्या चाकाकडे येत होती. ते चाक जरा जरी मागे गेलं असतं तर.

साधनाने शेजारचा टूलबॉक्स उघडला. त्यात नुसता वैजनाथचा चहाचा स्टीलचा पेला होता. तो तिने कडुलिंबाच्या दिशेला जोरात फेकला. पेला दगडावर खणखणला, गडगडत लांब गेला. जाई वळली, दुडुदुडु पळाली. साधनाने श्वास सोडला. पण घरी रोज संध्याकाळी मायलेकी हाच खेळ खेळत. फेकलेलं आणून द्यायचं, मग शाबासकी. जाईने पेला उचलला आणि लगबगीने परत निघाली, या वेळी आधीपेक्षा वेगाने.

“आय, घे,” ती चाकाशी येऊन म्हणाली आणि पेला वर केला.

आता फेकायला काही नव्हतं आणि फेकून उपयोगही नव्हता. साधनाने डाव्या हाताने स्टेअरिंग पकडलं आणि उजव्या बाजूला झुकली. उजवा पाय ब्रेकवर, त्याच बाजूला पोर. कंबर वळेना. पाय न हलवता तिने हात खाली नेला. पेल्याला हात लागला, मग मनगट हाती आलं. तिने मनगट धरून पोरीला वर खेचलं. मडगार्डला घासत जाई वर आली आणि आईच्या मांडीवर पडून मोठ्याने रडू लागली. ओढाताणीत टाच जराशी सरकली असावी. मागे दोर करकरला. वैजनाथचा आवाज आला आणि थांबला.

पोर चाकापासून वाचली होती. पण आता मागे गेला असता तर ट्रॅक्टर दोघींना घेऊनच गेला असता.

साधनाच्या पोटरीत गोळा येऊ लागला. चप्पल घामाने निसरडी झाली होती. मांडी थरथरत होती आणि त्या थरथरीने पायडलही. तिने डावा पाय उजव्यावर ठेवून जोर दिला. बाळंतपणातही आपण एवढं आवळून धरलं नव्हतं, असं काहीतरी भलतंच तिच्या मनात आलं. समोर गावाकडची वाट दिसत होती. वाटेवर कोणी नव्हतं. घरी कोणी नव्हतं. संध्याकाळ झाली नाही म्हणून कोणी वाटही बघणार नव्हतं, आणि झाली असती तरी काय, पुंगी तर वाजली होती. गावात जे कोणी ऐकत असेल ते म्हणत असेल, वैजनाथ मजेत आहे.

तेव्हा तिचं लक्ष गेलं की जाई रडतेय हे तिला दिसतंय, ऐकू येत नाहीये. हातभरावरचं लेकरू आणि रडणं ऐकू येत नाही.

इंजिन बंद केलं तर?

स्टेअरिंगखाली बंद करायची तार होती, ओढली की इंजिन गपगार. पण भावाच्या कारमध्ये तिने एकदा पाहिलं होतं, इंजिन बंद पडल्यावर ब्रेक दगडासारखा कडक झाला होता, दाबता दाबेना. इथेही तसंच झालं तर? कोणाला विचारणार? ज्याला माहीत होतं तो तिथे खाली होता आणि मधे हे इंजिन होतं.

तिने आपल्या पायाकडे बघितलं. पायडलापासून एक लोखंडी सळई सरळ मागे चाकाकडे गेली होती. ना नळी, ना तेल, ना डबा. नुसती सळई. पाय दाबला की सळई ओढली जाते. इंजिनचा तिच्याशी काय संबंध? असावाही. तिने जाईचं डोकं छातीशी धरलं, दोन्ही पाय रोवले आणि तार ओढली.

इंजिन दोन गचके देऊन बंद पडलं. ट्रॅक्टर जागचा हलला नाही.

मग जाईचं रडणं ऐकू आलं, एवढं मोठं की साधना दचकली. आणि खालून आवाज आला, “आता कसं… आता ऐकू येऊन राहिलं. पाय उचलू नको.”

“नाही उचलत. पाय कसाय तुमचा?”

“हाये का तेच कळंना. जाई?”

“मांडीवर आहे.”

“चांगलं केलंस,” तो म्हणाला. पुढचे शब्द जड येऊ लागले. जाई एवढी रडत असताना म्हणाला, “साधना, पोर झोपली का?”

“तुम्ही झोपू नका,” ती म्हणाली आणि ओढ्याच्या पलीकडे तोंड करून ओरडली. “पेमाबाई! दगड आणा! दगड!”

पलीकडे पेमा आधीच उभी होती. हातात विळा होता, पण हलत नव्हता. तिने कानावर हात धरला. मग ती पळाली, ओढ्यात उतरली, वैजनाथला बघून ‘अगं याडी वं’, अगं आई गं, म्हणाली आणि क्षणभर त्याच्याकडेच जाऊ लागली.

“तिकडं नाही!” साधना किंचाळली. “आधी चाकामागं दगड! मोठा! दोन्ही चाकांमागं!”

पेमाने दगड लोटत आणले. एक, मग दुसरा, मग पहिल्याच्या पाठीशी आणखी एक. विळ्याच्या मुठीने ठोकून बसवले.

“उचल आता पाय,” ती म्हणाली.

साधनाला पाय उचलता येईना. पायाने ऐकणंच सोडलं होतं. पेमा वर चढली, तिने आधी जाईला घेऊन खाली ठेवलं, आणि मग साधनाची पोटरी दोन्ही हातांनी धरून, हळूहळू, पायडलावरून सोडवली. ट्रॅक्टर दगडाला टेकला. तिथेच राहिला.

पुढचं लवकर झालं. पेमाच्या हाका ऐकून वसराम आणि तांड्यावरची माणसं आली. पहारी लावून, खाली दगड सारत त्यांनी बुंधा उचलला. वैजनाथला जीपमध्ये घालताना पेमा साधनाला म्हणाली, “म्या म्हनलं, हौसेनं पुंगी वाजवून राहिली बाई. मग ट्रॅक्टर गप झाला. लेकराचं रडनं आलं. लेकरू रडतंय आन् आई गप करंना, असं कसं?”

पाय मोडला होता, पण राहिला. वसमतहून नांदेडला नेलं, सळई घातली. वैजनाथ दवाखान्यात असतानाच आत्याबाईंनी भाच्याला, विश्वजीतला, बोलावून सांगितलं, “ती अवदसा आजच्या आज दारातनं काढ.” विश्वजीतने ट्रॅक्टर व्यंकटरावांच्या आवारात नेऊन परत देऊन टाकला. ती बातमी दवाखान्यात कळली तेव्हा साधनाला हायसं वाटलं. तेवढंच वाटलं. दुसरं काही तेव्हा सुचलंच नाही.

पुढच्या हंगामाआधी दुसरा ट्रॅक्टर बघायला ती गेली ते जाईला काखेत, आत्याबाईंना जीपमध्ये आणि कुबडीवरच्या वैजनाथला बरोबर घेऊन. ती विकणाऱ्याला म्हणाली, “हा पाझर तलावाच्या बांधावर घ्या.”

“बांधावर काहून?”

“चढावर उभा करा. ट्रॉली भरलेली राहू द्या. हँडब्रेक लावा, इंजिन बंद करा आणि खाली उतरा. आपण चहा पिऊ.”

“ताई, ट्रॅक्टर घेऊन राहिल्या का घसरगुंडी?”

“उतरून तर बघा.”

पहिले दोन उतरायला तयारच झाले नाहीत, उतरता उतरता पुन्हा चढून बसले. तिसऱ्याचा मालक उतरला. सगळ्यांनी बांधाच्या कडेला उभं राहून चहा घेतला. ट्रॅक्टर रंगाने पार विटलेला, हॉर्न शिंकल्यासारखा, पण चहा संपेपर्यंत जागचा हलला नाही. जीपच्या खिडकीतून आत्याबाई म्हणाल्या, “ह्यो बैल हाये.” त्यालाच त्यांनी मागची चरखी बसवून घेतली. आता दोर ओढताना ट्रॅक्टर सपाटीला असतो, चाकांमागे दगड असतात, मोबाइल साधनाच्या कमरेला असतो, आणि लाकडाला निघताना वैजनाथ पेमाला सांगून जातो.

हे सगळं बरं झालं. पण ट्रॅक्टर बघितला त्या दिवशी परत येताना वसमत रस्त्याला व्यंकटरावांचं आवार लागलं आणि साधनाने जीप थांबवायला लावली.

“आमचा लाल ट्रॅक्टर?”

“गेला की! मागंच गेला. निळा करून दिला,” व्यंकटराव म्हणाले. “आखाडा बाळापूरकडचं गिऱ्हाईक होतं. तुमच्यासारखंच, लाकडाचं काम. जोडपं होतं. बाईच्या काखेत लेकरू.”

“हँडब्रेक केला का त्याचा? गिअर?”

“ताई,” ते हसले, “वावरात हँडब्रेक कोण लावतं?”

नाव विचारलं तर आठवत नाही म्हणाले. नंबर विचारला तर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. साधना आणि वैजनाथ बाळापूरच्या बाजाराच्या दिवशी दोनदा जाऊन आले. निळे ट्रॅक्टर खूप दिसले. मोर कुठेच नव्हता, तो रंगाखाली गेला असणार. लोक म्हणाले, कामधंदा न्हाई का तुमाला? घरी जाई पेला फेकते आणि साधना आणून देते. आता खेळ त्यांनी तसा फिरवलाय. आणून देता देता मधेच साधनाचा उजवा पाय आपोआप जमिनीत रोवला जातो, कारण कुठेतरी एका काठावर, कोणा बाईचा पाय आत्ता त्या दोन पायडलांवर आडवा असेल असं तिला वाटतं, आणि त्या बाईला माहीत नसेल.

म्हणून साधनाचं, हे वाचणाऱ्या तुम्हाला, एक मागणं आहे. तुम्ही कळमनुरी, बाळापूर, त्या अंगाचे असाल, आणि तुमच्या गावात किंवा शिवेवर कोणी जोडपं निळ्या ट्रॅक्टरने लाकूड ओढत असेल, हॉर्न पुंगीसारखा असेल, तर रामराम करून पुढे जाऊ नका. त्याचा टूलबॉक्स उघडून झाकण आतून बघा. कुंकवाचा एवढासा पंजा असेल, करंगळी जरा फाकलेली, तर तो तोच. आधी चाकामागे दगड लावा. मग त्या बाईला विचारा, बाई, पाय कुठाय तुझा? आणि आज जमत नसेल तर उद्या सकाळी तरी जा, पण जाऊन बघून या.